नर्सिंग होमची तुलना कशी करायची: लॉबी सोडा, कोपऱ्यातला बेड बघा

आधी एक घोळ निस्तरते. मराठीत नर्सिंग होम म्हटलं की निम्म्या लोकांना डिलिव्हरीचं छोटं हॉस्पिटल आठवतं. मी म्हणतेय ते वेगळं, जिथे वयस्कर किंवा लांबच्या आजाराचा माणूस महिनोन्महिने राहतो आणि त्याची आंघोळ, जेवण, औषधं, ड्रेसिंग सगळं तिथलाच स्टाफ बघतो ते. वृद्धाश्रम पण नाही, तिथे बऱ्यापैकी हिंडताफिरता माणूस राहतो. इथला माणूस बऱ्याचदा स्वतःच्या हाताने कूससुद्धा बदलू शकत नाही, आणि म्हणूनच चुकीची जागा निवडली तर ते आपल्याला कळायलाही वेळ लागतो.

हे मी चूक करून शिकले. आत्याला स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आम्ही चार जागा बघितल्या आणि त्यातली सगळ्यात चकाचक निवडली, रिसेप्शनला सोफे, माशांचा टँक, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो, मॅनेजर तर इतका गोड बोलायचा की विचारू नका. सव्वा महिन्यात आत्याच्या टाचेला जखम, आणि ती पण आम्हालाच दिसली, मोजा काढला तेव्हा. कोणी दुष्ट होतं असं मुळीच नाही, रात्री तीस माणसांमागे एक मावशी होती, बस्स. शेजारच्या खोलीतले आजोबा बोलके, सारखे बेल वाजवायचे, त्यांना सगळं वेळेवर मिळायचं. आत्याला ना बोलता यायचं ना बेल दाबता यायची. तेव्हापासून मी कुठल्याही नर्सिंग होममध्ये गेले की एकच गोष्ट आधी शोधते: इथला जो माणूस मागू शकत नाही, त्याचं काय चाललंय? बोलणाऱ्याची काळजी कुठेही बरी घेतली जाते हो.

पुढचं सगळं ह्याच एका प्रश्नाभोवती आहे.

पहिलं काम: जागा बघण्याआधी आपला माणूस कागदावर उतरवा

लोक उलटं करतात, आधी जागा बघतात. आधी वही घ्या. डॉक्टर लोकांकडे ह्यासाठी १९६३ पासून वापरात असलेली एक साधी यादी आहे, कॅट्झ इंडेक्स म्हणतात, त्यात सहाच गोष्टी: आंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, बेडवरून खुर्चीत आणि खुर्चीतून बेडवर जाणं, लघवी-संडासवर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येकापुढे लिहा, स्वतः करतो, हात द्यावा लागतो, की पूर्ण दुसऱ्यावर. मग खाली तुमच्या माणसाचं खास जे असेल ते, गिळताना ठसका लागतो का, नळीने फीड आहे का, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आहे का, इन्सुलिन आहे का, रात्री उठून भटकतो का, आधी कधी पडलाय का, कानाला मशीन, दातांची कवळी, सगळं.

हा कागद हातात असला की प्रश्न आपोआप टोकदार होतात. 'तुम्ही चांगली काळजी घेता का' ह्याचं उत्तर जगात कुठेही 'हो' असंच येणार. पण 'ह्यांना पाणी प्यायल्यावर ठसका लागतो, तर जेवण भरवायला कोण बसतं आणि किती वेळ देतं' असं विचारलं की समोरचा एकतर नीट सांगतो नाहीतर गडबडतो, आणि दोन्हीतून आपल्याला कळतं.

आणि अंतर. हे लोक हलक्यात घेतात. जिथे तुम्ही आठवड्यातून तीनदा, न सांगता, टपकू शकता ती थोडी साधी जागासुद्धा लांबच्या भारी जागेपेक्षा बरेचदा बरी पडते, कारण घरचे येतात-जातात हे स्टाफला माहीत असलं की लक्ष राहतंच. कडू आहे पण खरं आहे.

मग कागदपत्रं, आणि स्टार बघून हुरळून जाऊ नका

काही देशांत सरकार तपासणी करून निकाल सगळ्यांना बघायला ठेवतं. अमेरिकेत मेडिकेअर ह्या सरकारी आरोग्य विम्याची केअर कम्पेअर नावाची वेबसाइट आहे, तिथे डिसेंबर २००८ पासून नर्सिंग होम्सना एक ते पाच स्टार मिळतात. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही तपासणी करणारी संस्था चार श्रेणी देते, अगदी उत्कृष्टपासून अपुरीपर्यंत, आणि पाच प्रश्नांवर बघते: सुरक्षित आहे का, उपयोग होतोय का, माया आहे का, गरजेप्रमाणे वागतात का, कारभार नीट आहे का. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२२ पासून स्टार सुरू झालेत. तुमच्याकडे असं काही नसेल तर लायसन्स आणि शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट जागेवरच मागा, द्यायला का-कू केली तर तेही वहीत लिहा.

आता स्टारची गंमत बघा, अमेरिकेचंच उदाहरण घेते कारण ते सगळं उघड आहे. स्टार तीन गोष्टींवरून ठरतो, तपासणी, स्टाफ आणि तब्येतीचे आकडे. ह्यातली तपासणी बाहेरचे लोक येऊन करतात. स्टाफचे तास स्टारसाठी २०१८ पासून पगाराच्या नोंदींवरून घेतात, त्याआधी होम स्वतःच सांगायचं. पण तब्येतीचे बरेच आकडे अजूनही होमनेच भरलेल्या फॉर्मवरून येतात, म्हणजे परीक्षा पण त्यांची आणि पेपर तपासणारे पण थोडेफार तेच. म्हणून मी तपासणी आणि स्टाफला जास्त वजन देते, तिसरा स्टार कितीही चमकत असू दे. दुसरं, तपासणीचे स्टार त्या-त्या राज्याच्या आत तुलना करून देतात, राज्यातल्या वरच्या १० टक्क्यांना पाच आणि खालच्या २० टक्क्यांना एक, मधले बाकीच्यांत वाटलेले. म्हणजे पाच स्टार ह्याचा अर्थ 'आसपासच्यांत बरा' इतकाच, एका राज्यातले पाच आणि दुसऱ्या राज्यातले पाच सारखे नाहीत.

स्टारपेक्षा रिपोर्ट वाचा, कंटाळवाणा असतो पण वाचा. तीन गोष्टी शोधा. तारीख किती जुनी आहे आणि त्यानंतर मालक किंवा मुख्य सिस्टर बदलली का. तीच चूक दोन तपासण्यांत परत आलीय का, एकदा झालेली चूक कुठेही होते, पण तीच परत म्हणजे कोणी मनावर घेतलं नाही. आणि चूक किती गंभीर, अमेरिकेत प्रत्येक चुकीला ए पासून एल पर्यंत अक्षर असतं, त्यात जे, के, एल म्हणजे माणसाच्या जिवाला तातडीचा धोका. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लेबल नव्हतं अशा दहा चुका असलेली जागा मला चालेल, एक 'के' असलेली नाही चालणार.

स्टाफ: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

काळजी शेवटी हातांनी होते, आणि हात मोजता येतात. हिशोब सोपा आहे. चोवीस तासांत सिस्टर आणि मावशी-मामा मिळून एकूण किती तास काम करतात, भागिले राहणारे किती. समजा ४० माणसं राहतात आणि दिवसभरात तीन शिफ्ट मिळून १२ जण प्रत्येकी ८ तास येतात, तर ९६ तास, भागिले ४०, म्हणजे माणशी २.४ तास. अमेरिकन सरकारसाठी झालेल्या आणि २००१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात माणशी रोज ४.१ तासांच्या खाली गेलं की लांब राहणाऱ्यांच्या काळजीत उणीव राहायला लागते असं निघालं होतं. तेवढं गाठायला त्याच ४० माणसांना १६४ तास लागतील, म्हणजे १२ च्या जागी २०-२१ जण. सगळीकडे इतके मिळतीलच असं नाही, पण तुमच्या यादीतल्या प्रत्येक जागेचा हा एक आकडा काढला की तुलना एकदम स्वच्छ होते, चमचम गळून पडते.

विचारताना मॅनेजरचा टाइम, अकाउंटवाला, माळी हे ह्यात धरलेत का ते विचारा, धरतात कधीकधी. आणि सरासरीवर थांबू नका, रात्री किती आणि रविवारी किती हे वेगळं विचारा, आमची माती तिथेच झाली होती. रात्री नोंदणीकृत नर्स प्रत्यक्ष इमारतीत असते की 'फोनवर अव्हेलेबल' असते, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि टिकतात किती? मावशींनाच विचारा, सहज, किती वर्षं झाली इथे. तीन जणींनी 'दोन महिने', 'मागच्या आठवड्यात', 'आजच' असं सांगितलं तर काहीतरी शिजतंय. नवीन माणसाला हे माहीत नसतं की ह्या आजींना डाव्या कुशीवर दुखतं, किंवा ते आजोबा भूक लागली की चिडतात, ते माहीत व्हायला महिने जातात. जुनी मावशी ही निम्मी ट्रीटमेंट आहे असं माझं मत झालंय.

आता जा, पण दोनदा जा

पहिल्यांदा वेळ घेऊन जा, ती त्यांची दाखवायची वेळ, दाखवू देत. दुसऱ्यांदा न सांगता, जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी. (फिरू देतात का हे पण एक उत्तरच आहे. दुसऱ्यांच्या खोल्यांत मात्र विचारल्याशिवाय डोकावू नका, तो त्यांचा बेडरूम आहे.)

नाकाचं ऐका, पण नीट. एखाद्या खोलीतून वास आला तर आत्ताच काहीतरी झालं असेल, चालतं. सगळ्या कॉरिडॉरला लघवीचा वास असेल तर कपडे वेळेवर बदलत नाहीत. आणि सगळीकडे फिनेल किंवा सेंटचा भपकारा असेल तर मी आणखीनच सावध होते.

बेल वाजली की घड्याळ बघा, किती मिनिटांनी कोण गेलं. बेलचं बटण बेडवरच्या माणसाच्या चालत्या हाताला लागतंय का, की मागे भिंतीवर लटकतंय. पाण्याचा ग्लास हाताला पोचतो का, भरलेला आहे का, की कोरडा ठक्क आहे. चष्मे, कानाची मशीन्स, कवळ्या माणसांवर आहेत का ड्रॉवरमध्ये. चष्मा नाही, मशीन नाही, कवळी नाही, मग आम्ही म्हणतो आजी हल्ली काही रिस्पॉन्स देत नाहीत.

जेवणाच्या वेळी कोपऱ्यात उभं राहून फक्त भरवणं बघा. बसून भरवतात की उभ्याने, घास गिळेपर्यंत थांबतात की चमचा तयारच, डोकं वर उचललंय का, बोलतात का त्यांच्याशी की मावश्या आपापसात गप्पा मारत आजींच्या तोंडात घास कोंबतायत. दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं. ताटं परत जातात तेव्हा भरलेली जातायत का तेही बघा.

आणि मग तो कोपऱ्यातला बेड. जो माणूस बोलत नाही, हलत नाही, ज्याच्याकडे कोणी नातेवाईक पण आलेला दिसत नाही. नखं कापलीयत का, तोंड कोरडं फुटलेलं आहे का, दाढी, केस, चादर. स्टाफमधलं कोणी जाताजाता त्याच्याशी नावाने बोलतं का. माझ्यासाठी सगळी तुलना इथेच निम्मी होते.

चार आकडे जे प्रत्येक जागेला विचारायचे

बेडसोर. एका जागी पडून राहिलं की हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि तिथे जखम होते, कंबरेखाली माकडहाडाजवळ, कुल्ल्यावर, टाचांवर. चार स्टेज असतात, पहिल्या स्टेजला फक्त लालसरपणा, बोटाने दाबून सोडलं तरी पांढरं होत नाही, चौथ्याला जखम मांस-हाडापर्यंत गेलेली. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. तर विचारायचं: आत्ता किती जणांना आहे, आणि त्यातल्या किती जणांना इथे आल्यावर झाला. हा दुसरा भाग विसरू नका, कारण जी जागा हॉस्पिटलमधून आलेले जास्त आजारी पेशंट घेते तिथे बेडसोरचा आकडा मोठा दिसणारच, ती वाईट असेलच असं नाही, उलट चांगली असेल म्हणून तिकडे पाठवत असतील.

कूस बदलायचा चार्ट दाखवा म्हणा, साधारण दर दोन तासांनी बदलायची जुनी पद्धत, गादी आणि माणूस बघून कमी-जास्त करतात. चार्टवर चोवीस तासांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका रेषेत असतील तर समजायचं संध्याकाळी बसून एकदम भरलाय.

पडणं. मागच्या तीन महिन्यांत किती जण पडले आणि त्यानंतर काय बदललं. 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' हे ऐकून खूश होऊ नका. म्हाताऱ्या माणसांच्या जागेत शून्य म्हणजे एकतर लिहीत नाहीत नाहीतर माणसांना उठूच देत नाहीत. मला 'पाच पडले, त्यातल्या तिघांचं रात्री बाथरूमला जाताना झालं म्हणून आता झोपायच्या आधी आणि पहाटे आम्हीच नेतो' असं सांगणारी सिस्टर हवी. आणि छोट्या जागेचे टक्के काढत बसू नका, वीस माणसांत एक पडला की ५ टक्के होतात, पुढच्या महिन्यात शून्य.

वजन. दर महिन्याला करतात का, नोंद दाखवा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर ते गंभीर धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं महिन्याभरात ५७ झालं की कोणीतरी दचकायला हवं. कोण दचकतं, डॉक्टरला कोण कळवतं, एवढंच विचारायचं.

चौथं, शांत करायची औषधं आणि बांधणं. ह्याबद्दल लोक विचारायला लाजतात, लाजू नका. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृती आणि समज हरवत चाललेला माणूस ओरडतो, भटकतो, आणि स्टाफ कमी असला की गोळी हा सोपा उपाय असतो. मानसिक आजारावरच्या ह्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक वॉर्निंग अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही टाकली. कधीकधी खरंच लागतात, त्यामुळे कोणाची चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण किती जणांना चालू आहेत, कारण लिहिलंय का, घरच्यांना विचारतात का, कमी करून बघतात का, हे विचारायचा हक्क आहे. दुपारी तीनला हॉलमधले सगळेच मान टाकून झोपलेले दिसले तर हा प्रश्न नक्कीच विचारा. बांधण्याचं तसंच, पट्टे, खुर्चीला अडकवलेला ट्रे, दोन्ही बाजूंचे वर केलेले कठडे, सगळं त्यातच येतं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून बांधायला बंदी आणली. बांधलेल्या माणसाचे पाय महिन्याभरात कमजोर होतात आणि मग सोडलं की तो पडतो, की परत बांधतात.

कॅथेटरबद्दल एक वाक्य: का ठेवलाय आणि कधी काढणार, हे ज्यांना सांगता येत नाही तिथे तो मावशींच्या सोयीसाठी असायची शक्यता बरीच.

करार पटकन, पण वाचा

महिन्याच्या पैशात काय येतं आणि काय वेगळं लावतात, डायपर, फिजिओ, ड्रेसिंग, डॉक्टरची व्हिजिट. हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तर बेड किती दिवस राखून ठेवतात. कुठल्या कारणाने माणसाला काढून टाकू शकतात. तक्रार कोणाकडे करायची, आणि बाहेरचा कोणी आहे का ज्याच्याकडे जाता येतं. भेटायच्या वेळा. कोरा किंवा अर्धा भरलेला कागद सही करू नका, सही त्याच दिवशी करायची घाई करत असतील तर दुसऱ्या दिवशी जा.

वही उघडा आणि मगच ठरवा

तीन-चार जागा झाल्या की डोक्यात सगळ्याची खिचडी होते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडल्या-पडल्या गाडीत बसूनच लिहून काढा. मार्क देत बसले तर माझं असं होतं की बाग चांगली म्हणून मिळालेले मार्क रात्रीच्या स्टाफचे मार्क झाकून टाकतात आणि बेरीज छान दिसते. म्हणून मी आधी बाद करायच्या गोष्टी ठरवते. रात्रीचा स्टाफ तुमच्या माणसाच्या गरजेला पुरत नाही, बाद. कोपऱ्यातल्या बेडकडे बघवलं नाही, बाद. गंभीर चूक परत-परत, बाद. प्रश्न विचारल्यावर चिडले, बाद. जे उरतात त्यातच मग खोली, उजेड, बाग, अंतर, पैसे.

घरात एकमत होत नाही, हे पण होणार. एक भाऊ म्हणणार महाग तेच चांगलं, बहीण म्हणणार घरापासून जवळ हवं. दोघांना न सांगता एकेकदा वेगवेगळ्या वेळी पाठवा आणि नंतर बोला, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि माणूस स्वतः समजण्याच्या स्थितीत असेल तर त्याला नेऊन दाखवा बाबा, राहायचं त्याला आहे.

ठेवल्यावरचा पहिला महिना

तुलना ठेवल्यावरही संपत नाही, फक्त आता कागदावरच्या आकड्यांशी करायची. नेता त्या दिवशी वजन करून घ्या, औषधांची यादी दोन प्रती, एक त्यांच्याकडे एक तुमच्याकडे, आणि सिस्टरच्या समोर अंगावरची प्रत्येक जखम, डाग, वळ लिहून घ्या, चालत असेल तर फोटो, म्हणजे नंतर 'हे आधीपासूनच होतं' हा वाद नको. आठवड्यातून एकदा वेगळ्या वेळी जा. काही खटकलं तर आधी ड्युटीवरच्या सिस्टरशी शांतपणे, मग लेखी, तारखेसकट. चांगलं केलं तर तेही नाव घेऊन सांगा, मावशींना कोणी कधी सांगत नाही.

आणि प्रत्येक भेटीत, गप्पा मारता मारता, पांघरूण सारखं करायच्या निमित्ताने, दोन्ही मोजे काढून टाचा बघा.